गल्लीत हरिपाठ उभा करायचा असेल तर

हरिपाठ सुरू करायचं ठरलं की आमच्याकडे पहिली वर्गणी निघते ती माइकची. चार माणसं जमायच्या आत दोन भोंगे येतात. मी सांगतो, पहिलं वर्ष माइक आणूच नका. माइक आला की एकाचा गळा गावभर जातो आणि पुढ्यात उभे असलेले दहा जण नुसते ओठ हलवतात. पुढे तेही यायचे बंद होतात, कारण घरी खाटेवर पडूनही तेवढंच ऐकू येतं.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पारोळा आणि अमळनेरच्या मधल्या पट्ट्यात. दिवसा जळालेल्या मोटारी उघडतो, संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर हरिपाठाला उभा राहतो. आजूबाजूच्या खेड्यांतून, जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांत राहायला गेलेल्या आमच्याच माणसांचे फोन येतात, "भाऊ, आमच्याकडे बी लावून द्या ना." सगळ्यांना जे सांगतो ते इथं लिहून ठेवतो. मी कीर्तनकार नाही, आळंदीला शिकलेलो नाही. अर्थ सांगायला महाराज येतील. माणसं एका आवाजात कशी आणायची आणि आली की कशी टिकवायची, एवढंच मला ठाऊक आहे.

आधी मागं म्हणणारे शोधा

पुढं म्हणणारा सापडतोच. प्रत्येक गल्लीत एकाला तरी वाटत असतं की आपला गळा चांगला आहे. कमी असतात ते मागं म्हणणारे, आणि हरिपाठ त्यांच्यावर चालतो. म्हणून पहिल्या दिवशी गाणारे गोळा करू नका. हाकेच्या अंतरावर राहणारे, संध्याकाळी घरी असणारे आणि एकमेकांशी बोलणं असलेले आठ जण पाहा. चार आणि चार, समोरासमोर दोन रांगा. आठाचे पाच झाले तरी अडत नाही.

बायका-पुरुष एकत्र की वेगळे, हे ज्या-त्या गावानं ठरवावं. आता खान्देशात बायकांची स्वतंत्र मंडळं बरीच झाली आहेत आणि खरं सांगू, त्यांची हजेरी आमच्यापेक्षा पक्की असते. पोरांना रांगेत मधे घ्या, टोकाला ठेवू नका. टोकाचं पोरगं पळतं.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच सांगून टाका. कोणाचं चुकलं तर त्याच्याकडे मान वळवून पाहायचं नाही. आमच्याकडच्या एका आबांना दात नव्हते, शब्द निसटायचे. एकदा दोन पोरं हसली आणि आबा चार दिवस आले नाहीत. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो तेव्हा परत आले.

ओळ कशी वाटून घ्यायची

ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग 27, काही छापील प्रतींत 28. एवढे पाठ कसे होणार म्हणून नवखा माणूस घाबरतो. त्याला पहिली ओळ बोटांवर मोजायला लावा: देवाचिये द्वारी, सहा अक्षरं. उभा क्षणभरी, सहा. तेणें मुक्ति चारी, सहा. साधियेल्या, चार. सगळा हरिपाठ याच मापाचा आहे, सहा-सहा-सहा-चार. हे माप एकदा अंगात बसलं की विसरलेला शब्दसुद्धा जीभ अर्धा आठवून देते, कारण तिथं किती अक्षरांची जागा रिकामी आहे ते तिला कळतं. पाठांतर वहीतून करू नका, मोजून म्हणा.

शेवटचा तुकडा दोन अक्षरांनी आखूड आहे, ही श्वास घ्यायची जागा. नवखे तिथंही पुढच्या ओळीवर धावतात आणि तिसऱ्या अभंगाला दमतात. त्यांना सांगा, ‘साधियेल्या’ला सोडा, थांबा, समोरच्या रांगेला म्हणू द्या. एक रांग म्हणते तेव्हा दुसरी श्वास भरते. सत्तरीची माणसं तासभर उभ्यानं म्हणतात ती या अदलाबदलीवर. एकट्यानं तेवढंच म्हणून पाहा, पंधरा मिनिटांत घसा बसेल.

ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी ध्रुपद आहे. ‘हरि मुखें म्हणा’ ही ओळ कडव्यामागून पुन्हा पुन्हा येते. आज आलेला माणूस आजच एवढी ओळ म्हणू शकतो. बाकीच्या वेळी त्यानं टाळ्या वाजवाव्यात. त्याच्या हातात पोथी देऊ नका, पोथीत डोकं घातलं की कान बंद होतात. पुढं म्हणणाऱ्या दोघांजवळ तेवढी पोथी असू द्या.

मी हे शिकलो ते विहिरीवर. पाण्यातली मोटार पाइपासकट वर ओढायची असते तेव्हा एक जण ‘हैश्शा’ देतो आणि बाकीचे ओढतात. हाक देणारा स्वतः दोराला हात लावत नाही. तो सगळ्यांचे हात पाहत असतो, आणि सगळ्यात थकलेल्या माणसाची पकड नीट बसली की मगच पुढची हाक देतो. चाल सांगणाऱ्यानं नेमकं हेच करायचं आहे. स्वतःच्या तानेत डोळे मिटले की दोर सुटला समजा.

पट्टी, लय आणि टाळ

पट्टी धरताना रांगेतला सगळ्यात नाजूक गळा कोणाचा ते पाहा आणि त्याला वरचा तुकडा न ओढता म्हणता येईल तिथं पेटी लावा. कीर्तनात उभे राहणारे तरुण गायक काळी चारला, म्हणजे फार उंच पट्टीला, भिडतात, ते ऐकायला छान वाटतं, पण दुपारभर निंदणी करून आलेल्या काकूंना ते झेपत नाही. पेटी नसली तर मोबाइलवरचा तानपुरा चालतो. तोही नसला तर त्या काकूंनाच पहिली ओळ म्हणू द्या, त्यांची पट्टी तीच सगळ्यांची.

चाल एकच ठेवा. सहा महिने तरी एकच. नवीन पोरं यूट्यूबवरून रोज नवी चाल आणतात आणि जुने लोक गप्प होतात.

लय हळू ठेवा असं सगळेच सांगतात, पण ती पळते कशामुळे ते कोणी सांगत नाही. ती पळते टाळामुळे. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्यात एकाचा टाळ केसभर आधी पडला की बाकीचे त्याला गाठायला जातात आणि पाचव्या अभंगापर्यंत सगळा हरिपाठ धापा टाकत असतो. म्हणून सुरुवातीला प्रत्येक रांगेला टाळाची एकच जोडी, तीही शांत माणसाकडे. टाळ तोंडावर तोंड आपटायचा नसतो. कड कडेला हलकी लागली की नाद खुला निघतो, आणि दोन्ही दाबून धरले की बंद. खुला आणि बंद एवढे दोन आवाज पहिल्या महिन्यात पुष्कळ झाले. दोरी बोटांना दोन वेढे घेऊन धरा, नाहीतर पावलीत, म्हणजे तालावर पावलं टाकताना, टाळ सुटून शेजाऱ्याच्या पायावर पडतो.

मृदंग असला तर उत्तम, नसला तर अडू देऊ नका. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा ती कणीक बघता बघता वाळते आणि धुम, म्हणजे तेच डावं तोंड, बोलेनाशी होते. ओल्या फडक्यात गोळा ठेवा. हरिपाठ झाला की कणीक काढून पान पुसा, रात्रभर ठेवली तर उंदीर येतात.

श्वासाचं खरं काय ते

हरिपाठानं बीपी उतरतो, शुगर जाते असं कोणी सांगायला लागलं की मी तिथंच थांबवतो. खात्रीचं जे आहे ते एवढं. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीच्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. 23 निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्या श्वासाबरोबर नियमित झाली. जपमाळ ख्रिस्ती असो की मंत्र बौद्ध, परिणाम एकच, कारण दोन्हींची ओळ लांब श्वासाची. आपली बावीस अक्षरांची ओळ सावकाश म्हटली तर ती त्याच मापात बसते, असं मला घड्याळ लावून पाहिल्यावर वाटतं. पण हरिपाठावर तो अभ्यास नव्हता. तेव्हा गोळी चालू ठेवा आणि ओळ सावकाश म्हणा.

वेळ खान्देशाची धरा

‘रोज संध्याकाळी सात’ असा फलक लावून मोकळं होता येत नाही. उन्हाळ्यात सातला ओटे तापलेले असतात, आठच्या पुढं लावा. कापूस वेचणी सुरू झाली की बाया अंधार पडल्यावर घरी येतात, मग चूल आणि पाणी. त्या दिवसांत नऊ आधी जमत नाही. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, गाडी भरायची असली की पुरुष निघून जातात. आणि ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात निम्मी रांग मळ्यात असते. मला हे दुकानामुळे आधी कळतं. तुम्ही लाइनमनला विचारून ठेवा.

माणसं कमी येतात म्हणून रागावू नका, त्या आठवड्यात हरिपाठ आखूड करा. ज्ञानदेवांचा तेवढा म्हणा, बाकी संतांचे सोडा. साधा म्हटला तर अर्धा तास, पावलीसकट सव्वा तास. मंडळ टिकवायचं असेल तर अर्ध्या तासाला लाजू नका. लोकांना उद्याचं काम दिसत असतं.

कॉलनीत असाल तर एक गोष्ट वेगळी. वर्षभरानंतर तुम्ही माइक लावलाच, तर रात्री दहाच्या पुढं तो कायद्यानं चालत नाही, आणि राहत्या वस्तीत दिवसाही 55 डेसिबलची मर्यादा आहे. पण कायद्याच्या आधी खालच्या मजल्यावर जाऊन कोणाच्या पोराची बारावी आहे ते विचारून या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही टाळ बंद ठेवून नुसत्या आवाजात म्हणतो.

बायकांकडून शिका

आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या रात्री तुम्ही जाग्या घरात बसला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद जमतात, रोटांच्या नैवेद्याचा घाट असतो आणि अहिराणी गाणी रात्रभर चालतात. तिथं कोणी चाल सांगत नाही. एक जण ओळ उचलते, तिचा श्वास संपतो तिथं शेजारीण धरते, आणि ओळ जमिनीवर पडतच नाही. गाण्याची बांधणीही तशीच. तीच ओळ पुन्हा येते, फक्त एक नाव बदलतं. आधी भावाचं, मग भाच्याचं, मग शेजारच्या वहिनीचं. लग्न होऊन कालच आलेली सून दुसऱ्या फेरीला आवाज देते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरच्या गाण्यांतही हेच. माहेरी आलेल्या पोरी वर्षानं भेटतात, तरी गाणं पहिल्या झोक्याला जुळतं.

म्हणून हरिपाठात माणसं गप्प पडायला लागली की मी पाच मिनिटं हरिपाठ थांबवून गजर घेतो. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ हा सगळ्यांना येतो. मग एकेकाला पुढं करून त्याच्या मनातल्या संतांचं नाव घालायला लावतो. कोणी मुक्ताई घेतं, कोणी अमळनेरचे सखाराम महाराज. ज्याचा आवाज महिनाभर कोणी ऐकला नाही तो माणूसही नाव देतो. त्यानंतर पुन्हा अभंगाकडे वळलं की रांग भरलेली असते.

उच्चारांचं थोडं. आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. म्हातारी माणसं ‘टाय वाजव’ म्हणतात. हरिपाठातही ते येणारच. शाळेतली पोरं टोकतात, त्यांना आवरा. माउलींची भाषा शिकायची ती कानानं, टोकून नाही. चार महिन्यांत पुष्कळ शब्द आपसूक सरळ होतात, राहिले तर राहू द्या.

पावली

पहिल्या दोन महिन्यांत पावली घेऊ नका. लोकांना तीच आवडते हे मान्य, पण शब्द पक्के नसताना पाय हलले की तोंड बंद होतं. सुरुवात एका जागी पाऊल पुढं-मागं इतकीच. मग दोन्ही रांगा एकमेकींकडे येऊन परत जाणं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्या आणि खुर्ची रांगेतच ठेवा, कडेला नको. कडेला बसलेला माणूस प्रेक्षक होतो.

चालताना आणि ओढताना

सप्तशृंगीला चैत्रात आपल्याकडची पोरं पायी जातात, मुक्ताईची पालखी ज्येष्ठात कोथळीहून निघून बुलढाणा, जालना, बीड करत आषाढीला पंढरपूरला पोचते. या चालीत सगळा हरिपाठ म्हणायचा हट्ट धरू नका, तो मुक्कामावर. रस्त्यावर श्वास पायांना लागतो, म्हणून गजर छोटा, दोन पावलांत बसणारा. चढ आला की तोही अर्धा करा, पुढच्यानं नाव घ्यावं आणि मागच्यांनी फक्त ‘जय’ म्हणावं. मुक्ताईच्या दिंडीची वाट महिन्याहून जास्त दिवसांची आहे. तिथं घसा राखणारेच पंढरीत बोलतात, पहिल्या दिवशी ओरडणारे तिसऱ्या दिवसापासून खुणेनं पाणी मागतात.

ओढायच्या कामात जयघोष कसा चालतो ते पाहायचं असेल तर कार्तिकी एकादशीला जळगावच्या रामरथाला जा. अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केलेला हा रथ आजही माणसं ओढतात आणि चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याला वळवतात, थांबवतात. सगळ्यांचं लक्ष दोरावर असतं, तुम्ही मोगरी लावणाऱ्यांकडे पाहा. गर्दीत शब्द ऐकू येत नाही, पण घोष चढला की चाक फिरणार आणि उतरला की थांबणार, हे त्यांच्या हातांना कळलेलं असतं. आमच्या अमळनेरला वैशाखात, मोहिनी एकादशीला बोरीकाठी रथ निघतो, तिथंही उभं राहून हेच पाहता येतं.

भांडणं कुठं होतात

भांडण देवावरून होत नाही. वीणा कोणाच्या गळ्यात, यावरून होतं. म्हणून वीणा फिरती ठेवा, आठवड्याला एक, यादी भिंतीवर. यादीत आळी पाहू नका, जात पाहू नका, आणि एखाद्यानं पाहायला लावलं तर मंडळ मोडलं तरी चालेल. प्रसादाचंही तसंच. एकानं पेढे आणले की दुसऱ्याला शिरा आणावा लागतो, तिसरा येणंच बंद करतो कारण त्याला परवडत नाही. आम्ही साखर-फुटाण्यांच्या वर जात नाही. पैसे जमवूच नका. टाळ-मृदंगासाठी लागतील तेवढे एकदाच, हिशेब वहीत, वही पारावर.

निवडणूक आली की कोणीतरी सतरंज्या आणि साउंड देऊ करतो, मागं त्याचा फोटो. सतरंजी घ्या, फोटो नको म्हणा. दोन्ही परत गेलं तर जमिनीवर उभे राहा, पावलीला तेच बरं.

सप्ताहाची घाई करू नका. सात दिवसांचा अखंड वीणा म्हणजे दोन-दोन तासांचे पहारे, पहाटे काकडा, पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला न सांगता उठून येणारी चार माणसं तुमच्याकडे असतील तेव्हाच सप्ताह घ्या. त्या चौघांशिवाय घेतला तर तो वर्गणीचा सप्ताह होतो.

दारात गेलं माणूस तर

हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. मंडळ उभं राहिलं की कधीतरी तुम्हाला अंत्ययात्रेला बोलावतील. म्हातारं माणूस गेलं की आमच्याकडे टाळ-मृदंगात नेतात. तयारी ठेवा. तिथं पावली नाही, चढी लय नाही, ध्रुपद फार लांबवायचं नाही. पुढं म्हणणारा रडायला लागतो, हे धरून चाला, आणि त्याच्या शेजारी असा माणूस ठेवा जो त्याची ओळ अर्ध्यात उचलेल. घरच्यांना म्हणायला लावू नका. त्यांच्या वतीनं म्हणायलाच तुम्ही गेलेले असता. जवळचा एक जण ओळीत सामील झाला तर लय त्याच्यापाशी थांबवा, त्याच्या श्वासानं चाला.

कोणाकडे जायचं, कोणाकडे नाही, हे मंडळात ठरवत बसू नका. निरोप आला की जायचं, वैर असलं तरी. आणि घरी परतल्यावर त्या दिवशीचा हरिपाठ चुकवू नका. उशिरा लावा, आखूड लावा, टाळ नको असतील तर ठेवा. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, तो दहाव्यानंतर स्वतःहून येऊन रांगेत उभा राहतो. त्याला मधे जागा द्या आणि त्या दिवशी चाल दुसऱ्यानं सांगावी.